वार पडण्याची वाट पाहू नका

अंबाडी परिसरातील गोठ्यांवर गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘डॉक्टर, अजून वार पडली नाही, चीक कसा पाजायचा?’ गेल्या पावसाळ्यात एका गोठ्यात अशीच रात्रभर वाट पाहिली गेली. आठवड्याभरात पारडी हगवणीने दगावली.

माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक शक्ती काही प्रमाणात आईच्या पोटातच मिळते. गाई-म्हशींत तसे होत नाही. वासराला ती चिकातूनच मिळते. शिवाय ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते व सुमारे २४ तासांत संपते. म्हणून जन्मानंतर एक-दोन तासांतच चीक पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या एक दशांश, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. वासरू आचळाला लागल्याने वार पडण्यास उलट मदतच होते.

पुढेही दुधात हात आखडता घेऊ नये. दूध तोडण्यापूर्वी ज्या कालवडींचे वजन झपाट्याने वाढले, त्यांनी पहिल्या वेतात जास्त दूध दिले, असे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१२ सालच्या अभ्यासात आढळले. आज वाचवलेले दूध उद्या महागात पडते ते असे.

खरवस मलाही आवडतो. पण आधी वासराचे पोट भरू द्या, उरलेल्या चिकाचा खरवस करा!