गप्पांची झाली नोंद

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान असलेल्या, आंबेगाव तालुक्यातील कळंबमध्ये बातमी पूर्वी पारावर, एसटीच्या थांब्यावर आणि बाजाराच्या आवारात तोंडी फिरत असे. तिचे ऐकणारे मोजके असत, दोन दिवसांत तिचे शब्द बदलत आणि नेमके कोण काय बोलले हे सिद्ध करणे सहसा कोणाला जमत नसे. आता तीच बातमी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. माणसे तेथे पारावर बोलावे तशी मोकळेपणाने बोलतात, पण त्यांचा शब्द न् शब्द तारीख-वेळेसह साठत जातो आणि प्रकरण पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात गेले की त्याकडे गप्पा म्हणून नव्हे, तर लेखी मजकूर म्हणून पाहिले जाते.

जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असल्याने या बदलाची धार अधिक जाणवते. बिबट्या दिसल्याचा संदेश वेळेवर मिळाला तर रात्री उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी सावध होतो. पण भलत्याच गावचा जुना व्हिडिओ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संगणकाकडून हुबेहूब करवून घेतलेले चित्र फिरू लागले, तर वनकर्मचाऱ्यांची नाहक धावपळ होते आणि गावाची झोप उडते ती वेगळीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 मध्ये अफवेसाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद असली, तरी बिबट्याची प्रत्येक थाप त्यात बसेलच असे नाही, कारण केवळ घबराट पुरेशी नसून तिच्यामुळे कोणी राज्याविरुद्ध किंवा सार्वजनिक शांततेविरुद्ध गुन्हा करण्यास प्रवृत्त होण्याचा संभवही असावा लागतो. शिवाय माहिती खरी मानण्यास वाजवी कारण असेल आणि ती सद्भावनेने पाठवली असेल तर गुन्हा ठरत नाही, हा त्याच कलमातील अपवाद फारसा कोणाला ठाऊक नसतो.

असे कलम कशासाठी लागते, याचे उत्तर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मिळाले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाच जणांपलीकडे वा पाच ग्रुपांपलीकडे पाठवण्यावर भारतात मर्यादा घातली. याच्या उलट टोक पालघरचे: नोव्हेंबर 2012 मध्ये फेसबुकवरील एका साध्या नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ ला आव्हान दिले गेले आणि 'त्रासदायक' अशा मोघम शब्दावर माणसाला कोठडीत टाकणारे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. ग्रुपचा ॲडमिन, म्हणजे सदस्य घेण्याचा वा काढण्याचा अधिकार असलेली व्यक्ती, दुसऱ्याच्या मजकुराला जबाबदार असते, ही भीतीही गावोगाव आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केले, की मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो रोखणे ॲडमिनच्या हाती नसल्याने, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर गुन्हा लादता येत नाही.

सर्वांत दूरगामी बदल मात्र पुराव्याच्या क्षेत्रात झाला आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. नोटीस टाळण्यासाठी पूर्वी दाराला कुलूप लावणे पुरत असे. जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे एक प्रकरण आले, त्यात नोटिशीची पीडीएफ फाइल व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती. संदेश पोहोचला आणि फाइल उघडलीही गेली, हे त्यावरील निळ्या खुणांवरून दिसत असल्याने न्यायालयाने ती बजावणी वैध मानली. (या निळ्या खुणा फोनमध्ये बंद करता येतात, हे चतुर ऋणकोंच्या लक्षात यायला वेळ लागला नसावा.)

पण न्यायालयाने संदेश वाचणे आणि तो पुरावा म्हणून दाखल होणे यांत अंतर आहे. ते समजण्यासाठी जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीचा खटला उपयोगी पडतो. निवडून आलेले अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण निर्णायक ठरणार होते. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण हजर केले तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण त्याची प्रत द्यायची असेल तर पुरावा कायद्याच्या कलम 65ब नुसार प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देतच नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. उच्च न्यायालयाने रद्द केलेली खोतकर यांची निवड रद्दच राहिली. आता पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात फाइलचे 'हॅश मूल्य'ही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा. मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी तो निराळा येतो.

कांदा वा टोमॅटोचा भाव व्हॉइस मेसेजवर ठरवणाऱ्या शेतकऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. तोंडी करार 1872 च्या करार कायद्यानुसारही वैध होता, अडत असे ते सिद्ध करताना. आता व्यापाऱ्याचा आवाजच फोनमध्ये राहतो. पण वाद उभा राहण्याच्या आत तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये दुकानदाराकडे गेला आणि हाती केवळ स्क्रीनशॉट उरले, तर प्रमाणपत्राची अट आणि मूळ नोंद नसल्याचा प्रतिवाद, दोन्हींना तोंड द्यावे लागते.