व्हॅम्पायरांची वहिवाट

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आंतरजाल अद्याप टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत घरात येत असे त्या काळी, अमेरिका-कॅनडातील हौशी लेखक-लेखिका ज्या व्हॅम्पायरकथा लिहून एकमेकांस वाचावयास देत, त्यांच्या शिरोभागी बहुधा एक लहानसे निवेदन असे: ही पात्रे माझ्या मालकीची नाहीत, ती अमुक लेखिकेची अथवा तमुक कंपनीची आहेत, मी ती केवळ उसनी घेतली आहेत आणि या उद्योगातून मला एक छदामही मिळत नाही. कोर्टात या कबुलीजबाबाची किंमत फारशी नसावी. पण आधी गुन्हा कबूल करून मग निवांतपणे तो करावयास बसण्याची ही रीत मला मोठी लोभस वाटते.

या लेखनाची एक रंगलेली पेठ ‘फॉरेव्हर नाइट’ या कॅनडात चित्रित झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेभोवती भरली. टोरांटोच्या पोलीस खात्यात रात्रपाळी करणारा, आठशे वर्षे वयाचा आणि पुनश्च मनुष्यत्व मिळविण्यासाठी तळमळणारा डिटेक्टिव्ह निक नाइट हा तिचा नायक. मालिका १९९२ पासून १९९६ पर्यंत चालली. तिच्या भक्तांना मात्र ती संपणे मंजूर नव्हते. त्यांनी आपसांत तट पाडले होते: निकचे कैवारी ते ‘नाइटी’, ‘रेव्हन’ नामक क्लबची मालकीण जॅनेट, तिचे ते ‘रेव्हन’, आणि निकला व्हॅम्पायर करणारा क्रूर रोमन सेनानी लाक्रॉय, ज्याला त्याचे अनुयायी लाडाने ‘अंकल’ म्हणत, त्याचे अर्थातच ‘कझिन’. हे तट अधूनमधून परस्परांविरुद्ध ‘युद्ध’ पुकारीत. युद्ध म्हणजे सामुदायिक कथा. लेखिका स्वतःच पात्र होऊन कथेत उतरे, ई-पत्राने एक प्रकरण धाडी, त्यात प्रतिपक्षाची कुणी कपटाने पळविली जाई, आणि मग तिची सुटका करणारे प्रकरण लिहिणे त्या पक्षास प्राप्त होई. एकाच कथानकाचे लगाम इतक्या हातांत असता ते खड्ड्यात कसे गेले नाही, याचे मला नवल वाटते. क्वचित गेलेही असेल.

इतर कित्येकांनी जिओसिटीजवर बिऱ्हाड थाटले. १९९४ साली स्थापन झालेल्या या कंपनीने संकेतस्थळांसाठी फुकट जागा देताना निरनिराळ्या वस्त्या आखल्या होत्या. विज्ञानकथा आणि अद्भुत यांची वस्ती ‘एरिया ५१’. काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर डोळ्यांस क्लेश देणारी तांबडी अक्षरे हा व्हॅम्पायरभक्तांचा जणू गणवेशच होता.

एप्रिल २००० मध्ये या वहिवाटीस हरकत आली. ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ (१९७६) या कादंबरीत ज्यांनी रक्तपिपासूस स्वतःची कैफियत स्वतः मांडू दिली, त्या अ‍ॅन राइस यांनीच, आपल्या पात्रांवर दुसऱ्यांनी कथा रचणे आपणांस मान्य नाही, असे जाहीर केले. हौशी कथांसाठी १९९८ साली सुरू झालेल्या फॅनफिक्शन डॉट नेट या संकेतस्थळाने त्यांच्या पात्रांवरील कथांना दार बंद केले, आणि पुष्कळ लेखक भूमिगत झाले. राइस यांचे गाऱ्हाणे गैरवाजवी होते असे मी म्हणणार नाही. परंतु या मिळकतीचे जुने दप्तर चाळू लागावे, तो मूळ सनदच संशयास्पद निघते. जॉन पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा बायरनने अर्धवट टाकलेल्या कथेवरून उभी राहिली आणि १८१९ मध्ये बायरनच्याच नावावर छापली गेली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये सिप्रिएं बेरार याने, पॉलिडोरीस न विचारता, तिचा पुढील भाग प्रसिद्ध केला. ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीवाचून काढलेला ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा चित्रपट घ्या: ब्रॅम स्टोकरच्या विधवेने फिर्याद लावली, १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला, तरीही काही प्रती बचावल्या आणि चित्रपट आजही दाखविला जातो. ड्रॅक्युला अमेरिकेतल्या लहानशा गावात अवतरला तर काय होईल, या विचारातून स्टीफन किंगने ‘सेलम्स लॉट’ लिहिली, आणि तिच्यावरून आपल्या नारायण धारपांनी ‘लुचाई’.

ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने अमेरिकेतील जिओसिटीज बंद केले. स्वयंसेवकांनी जमेल तेवढा ऐवज उतरवून घेतला. पुढच्याच महिन्यात हौशी लेखक-वाचकांनीच चालविलेले ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ सर्वांस खुले झाले, आणि तेथे राइस यांच्या पात्रांवरील कथा आज उजळ माथ्याने नांदत आहेत. स्वतः राइस यांनीही उतारवयात हरकत सोडून दिली: असल्या कथा न वाचणे आपणांस मुळीच अवघड जात नाही, तेव्हा ज्याचे त्याला करू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.