लाईट गेली तरी आठवण राहील?

पावसाळ्यात मुरबाडला लाईट जाणे नवे नाही. परवा आमच्या लेकीने दोन तास कॉम्प्युटरवर टाइप केलेला विज्ञान प्रकल्प सेव्ह करण्याआधीच गेला. रडवेली होऊन ती म्हणाली, “अब्बा, कॉम्प्युटर एवढ्यात विसरतो?”

हो, विसरतो. चालू काम ज्या मेमरीत असते, तिला सतत वीज लागते. हार्ड डिस्कवरची नोंद चुंबकीय असते, म्हणून टिकते; पण ती डिस्क संथ.

यावर शास्त्रज्ञ मल्टिफेरॉइक पदार्थांकडे पाहत आहेत. त्यांत विद्युत आणि चुंबकीय गुण एकत्र नांदतात. त्यामुळे थोड्या विद्युतदाबाने चुंबकीय नोंद बदलता येईल, वीज कमी लागेल आणि लाईट गेली तरी नोंद राहील, अशी आशा आहे.

मार्च 2003 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात बिस्मथ फेराइटच्या पातळ थरावर शोधनिबंध आला. थर केसाहून शेकडो पट पातळ. तरी त्याचा विद्युत गुण तेव्हा माहीत असलेल्या जाड तुकड्यापेक्षा जवळजवळ दहापट, तोही नेहमीच्या तापमानाला! रामामूर्ती रमेश यांच्या या चमूत सतीशचंद्र ओगले आणि उमेश वाघमारे ही नावेही आहेत.

अडचणी आहेतच. थरातून वीज गळते, पुन्हा पुन्हा लिहिल्यावर तो थकतो. म्हणून अजून बरेचसे काम प्रयोगशाळेतच आहे.

ओगले सरांनी पुणे विद्यापीठात शिकवले. माळशेज घाट चढला की पुणे जिल्हाच लागतो. लेकीला आम्ही एवढेच म्हणालो, “बेटा, तोवर सेव्ह करत जा, उरलेले काम कदाचित तुझ्याच वाट्याला येईल.”