उंची दिसते, वाढ दिसत नाही

बास्केटबॉलच्या निवडचाचणीत डोळा प्रथम उंचीवर जातो. मिसरूड फुटलेला चौदा वर्षांचा मुलगा घेतला जातो आणि त्याच वयाचा किरकोळ अंगाचा मुलगा घरी परततो. हा निवाडा घाईचा आहे, असे आम्हांस वाटते.

सगळ्या मुलांची वाढ एकाच वेळी होत नाही. कोणी बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतो, तर कोणी पंधराव्या. लवकर वाढलेला मुलगा आज अंगाच्या जोरावर जिंकतो. दोन-तीन वर्षांत इतर मुले त्याला गाठतात. तोवर त्याने हात घडवला नसेल तर तो मागे पडतो. खाण्याची आबाळ असलेल्या घरात तर ही वाढ आणखी उशिरा येते. म्हणजे घाईच्या निवडीत गरिबाचे पोर आधी गळते.

रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते, तेव्हा उंचीचे मोल आम्ही नाकारीत नाही. पण उंची म्हणजे खेळ नव्हे. 2015 साली पंजाबचा सतनाम सिंग, 7 फूट 2 इंच उंचीचा, अमेरिकेच्या एनबीएच्या निवडीत 52 वा आला. तेथे एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आदल्या वर्षी सर्बियाचा निकोला योकिच 41 वा होता. तोही उंच, पण अंगाने जड आणि उडीला बेताचा. त्याच्या हाताची आणि नजरेची किंमत अनेक संघांना कळली नाही. 2021, 2022 आणि 2024 साली तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग पारख कशी करावी? पहिली खूण फ्री थ्रोची. तेथे कोणी आडवा येत नाही, अंतरही ठरलेले. म्हणून हाताचे वळण उघडे दिसते. पुढे लांबून नेम कसा लागेल याचा अंदाज त्यावरून बराच बांधता येतो. दुसरी खूण शिकण्याची. आज दाखवलेली चूक महिन्याने सुधारली का, ते पाहावे. मोंढ्यात नव्या हमालाची पारखही पहिल्या दिवशीच्या पोत्यावरून होत नाही. महिनाभराने तोल साधला का, यावरून होते.

म्हणून आमचे मागणे एवढेच : चाचणी एकदा नको, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्या. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल पहिल्या चाचणीला हजर नसेल. दुसऱ्या चाचणीला तरी त्याला मैदान उघडे असू द्या.