गॅस तेवढाच, कळ वेगळी

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात एक साधा, पण हुशारीने रचलेला प्रयोग झाला. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस असलेले 29 जण आणि तेवढीच धडधाकट माणसे त्यात होती. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी अर्धा लिटर पेय दिले. एकदा त्यात ग्लुकोज होते, एकदा फ्रुक्टोज आणि एकदा इन्युलिन, म्हणजे कांदा, लसूण, गहू यांत असते त्या जातीचे, माणसाला न पचणारे कर्बोदक. मग पाच तास अधूनमधून एमआरआय काढून पोटात काय चालले आहे ते पाहिले. इन्युलिनने मोठे आतडे फुगले, आणि दोन्ही गटांत साधारण सारखेच फुगले. पोटात कळा आल्या, तडस लागली ती मात्र मुख्यतः आयबीएसवाल्यांना. 2017 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

‘मला गॅसेसचा फार त्रास आहे’ हे वाक्य मराठी घरांत इतके सरावाचे आहे की त्यामागे दुखणे असू शकते याकडे कुणी लक्ष देत नाही. आयबीएसमध्ये पोट दुखते आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असतो. कुणाला जुलाब होतात, कुणाला कुंथावे लागते, कुणाला आलटून पालटून दोन्ही. आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी, असे तीन महिने चालले आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असली, तर 2016च्या ‘रोम 4’ निकषांनुसार निदान पक्के होते. हेच निकष लावून 26 देशांत इंटरनेटवर घेतलेल्या पाहणीत चार टक्क्यांच्या आसपास लोकांना आयबीएस असल्याचे 2021 साली दिसून आले.

एंडोस्कोपी स्वच्छ, रक्त ठीक, सोनोग्राफी नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘तुझ्या मनात आहे सगळं.’ हा शेरा अन्यायाचा आहे. 1973 साली जेम्स रिची या संशोधकाने रुग्णांच्या मोठ्या आतड्यात लहानसा फुगा सरकवून तो हळूहळू फुगवला. 60 मिलिलिटर हवेने आयबीएसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखले. निरोगी माणसांत हे प्रमाण सहा टक्के होते. आतडे आणि मेंदू यांच्यात सतत निरोप ये-जा करत असतात. या आजारात ते निरोप वाजवीपेक्षा मोठ्या आवाजात पोहोचतात. कधी त्याची सुरुवात एखाद्या संसर्गातून होते. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे 2000मध्ये जोरदार पावसानंतर पिण्याचे पाणी दूषित झाले, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सात दगावले. तिथल्या रुग्णांचा संशोधकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा आठ वर्षांनंतरही अनेकांच्या पोटात आयबीएस ठाण मांडून होता.

आतडे हळवे आहे हे एकदा मान्य केले, की आहाराचे काम नेमके कळते. ते आजार बरा करत नाही, आतड्यावरचा ताण कमी करते. त्यासाठीची सर्वांत अभ्यासलेली पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात घडली. पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 साली ‘फॉडमॅप’ हे नाव पुढे आणले. लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी, पाणी ओढून घेणारी आणि पुढे मोठ्या आतड्यात जंतूंच्या हाती लागून आंबणारी कर्बोदके, असा त्याचा सरळ अर्थ. गहू, कांदा, लसूण यांतले फ्रुक्टान, राजमा, हरभरा यांतले गॅलॅक्टन, दुधातले लॅक्टोज, आंब्यातले जादा फ्रुक्टोज, शुगर-फ्री गोळ्यांतले सॉर्बिटॉल ही त्यातली मंडळी.

यादी वाचून मराठी गृहिणी हबकेल, कारण भाजी-पोळीतली निम्मी चव इथेच जाते. पण उरते तेही थोडे नाही. भात, पोहे, साबुदाणा, नाचणी, ज्वारीची भाकरी चालते. भेंडी, गाजर, काकडी, बटाटा चालतो, शेंगदाणेही. पारंपरिक गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतेच, त्यामुळे गोड्या मसाल्याची आमटी हा मार्ग उघडा राहतो; फक्त डाळ मुगाची आणि बेताची घ्यावी लागते. छोले-राजम्याला मात्र तूर्त सुट्टी. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. लसणाची युक्ती तर रसायनशास्त्राने दिलेली आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. तेव्हा पाकळ्या नुसत्या तेलात परतून, पाणी पडायच्या आधी काढून टाकल्या, तर वास राहतो आणि त्रास टळतो. हिंग चालतो, पण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेकदा पीठ मिसळलेले असते. ते गव्हाचे आहे का, हे डबीवर वाचून पाहावे.

गव्हाचा विषय निघालाच आहे, तर ‘ग्लुटेन (गव्हातले प्रथिन) सोडा’ या फॅशनचाही समाचार घ्यायला हवा. गव्हाने त्रास होतो असे सांगणाऱ्या, पण सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) आजार नसलेल्या 59 जणांना ऑस्लोतल्या संशोधकांनी आळीपाळीने ग्लुटेन असलेल्या, फ्रुक्टान असलेल्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या खायला दिल्या. कोणती वडी कसली, हे खाणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. ग्लुटेन बरेचसे निर्दोष सुटले. मात्र गहू बंद करण्याआधी सीलिअॅकची रक्ततपासणी उरकून घ्यावी, कारण गहू सोडल्यावर ती खोटी नकारात्मक येऊ शकते. शौचातून रक्त, वजनात घट, ताप, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच सुरू होऊ शकतो.

फॉडमॅप पद्धतीची खरी हेळसांड दुसऱ्या टप्प्यात होते. सगळे वर्ज्य करण्याचा पहिला टप्पा फक्त दोन ते सहा आठवड्यांचा आहे. त्यानंतर एकेक गट परत आणायचा असतो. पहिल्या दिवशी थोडा कांदा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. मग थोडी विश्रांती आणि दुधाची पाळी. सोबत वहीत नोंद. बऱ्याच जणांना यादीतल्या एकदोन गोष्टीच बाधतात, त्याही ठरावीक प्रमाणाच्या पुढे. पण बरे वाटले की लोक तिथेच थांबतात आणि वर्षानुवर्षे वरण-भातावर काढतात. मुळात किडकिडीत असलेल्यांनी किंवा खाण्याची धास्ती घेतलेल्यांनी तर हा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करूच नये.

फॉडमॅपच्या खटाटोपाआधी करून पाहण्याजोगा स्वस्त उपाय गुजरातेत उंझ्याच्या बाजारातून जगभर जातो: इसबगोल. नेदरलँड्समध्ये 275 रुग्णांना बारा आठवडे रोज 10 ग्रॅम इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा तांदळाचे पीठ दिले. इसबगोलाने आराम पडला. कोंडा घेणाऱ्या अनेकांनी त्रास वाढल्यामुळे प्रयोग मध्येच सोडला. ‘फायबर वाढवा’ हा सरसकट सल्ला त्यामुळे अपुरा ठरतो.

आता प्रोबायोटिक्स, म्हणजे औषधासारखे घ्यायचे जिवंत उपयोगी जंतू. फॉडमॅप ज्या जंतूंचे खाद्य आहे त्यांत बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जंतूही आहेत, आणि आहार आवळला की त्यांची संख्या घटते. हे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने दाखवले. पुढे त्यांनीच 104 रुग्णांवरच्या प्रयोगात अनेक जंतूंचे मिश्रण सोबत दिले, तेव्हा ती संख्या सावरली. इथवर तर्क चोख आहे. पण लक्षणे किती कमी होतात, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतल्या एका प्रमुख संस्थेने 2020 साली आयबीएससाठी प्रोबायोटिक्स फक्त संशोधनापुरते वापरा असे म्हटले. ब्रिटिश तज्ज्ञांनी पुढच्याच वर्षी बारा आठवडे घेऊन पाहा, फरक पडला नाही तर बंद करा, असे सांगितले. पदरमोड करून महिन्याला बाटल्या संपवणाऱ्याला या दुसऱ्या सल्ल्यातला ‘बंद करा’ हा भाग जास्त उपयोगी.

‘जितके अब्ज जंतू जास्त तितके चांगले’ हा जाहिरातीचा सूरही फसवा आहे. बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस 35624 हा वाण 362 स्त्रियांना तीन वेगवेगळ्या मात्रांत दिला गेला. 2006 साली निकाल आला: मधली मात्रा लागू पडली, सर्वांत मोठी नाही. तपासल्यावर कळले की मोठ्या मात्रेच्या कॅप्सूलमधला माल ओला झाल्यावर डिंकासारखा घट्ट होऊन बसत होता. म्हणून पाकिटावर जंतूचे पूर्ण नाव आणि वाणाचा क्रमांक आहे का, ते पाहावे. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. घरचे दही उत्तम अन्न आहे, पण विरजणात कोणते जंतू किती, याचा नेम नसतो, आणि लॅक्टोजही काही उरतेच.

बाटलीने गुण आला की श्रद्धेने, हेही सोपे नाही. बोस्टनमध्ये 2010च्या एका अभ्यासात 80 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना ‘यात औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत गोळ्या घेणाऱ्यांपैकी 59 टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी 35 टक्के जणांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. मोनॅशच्याच संशोधकांनी 2016 साली आणखी पुढचे पाऊल टाकले. रुग्णांच्या एका गटाला फॉडमॅप आहार, दुसऱ्याला ताटात काहीही न बदलता आतड्यासाठीचे संमोहन आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. सहा आठवड्यांनी तिन्ही गटांत दहापैकी सुमारे सात जण सुधारले होते. दोन्ही घेणाऱ्यांना जास्तीचा फायदा झाला नाही.