जिन्याची वाट

चारमिनारकडून उत्तरेला चार कमानींच्या दिशेने निघाले की मध्यावर गुलजार हौज लागतो. मोत्यांच्या खरेदीसाठी किंवा लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबादेतील बहुतेक मराठी घरांतील बायकांची पावले कधी ना कधी त्या बाजूस वळलेली आहेत. १८ मे २०२५ रोजी, रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, या हौजाजवळच्या एका जुन्या इमारतीत आग लागली. खाली दुकाने, वर बिऱ्हाड. सुट्टीचे दिवस असल्यामुळे घरात नातलग जमलेले. त्या आगीत १७ माणसे गेली आणि त्यांत ८ मुले होती.

विजेच्या शॉर्ट सर्किटमुळे आग लागली असावी, असे अग्निशमन दलाने प्रथमदर्शनी सांगितले. परंतु विजेची ठिणगी कुठल्याही घरात पडू शकते. मन अडखळते ते पुढच्या तपशिलापाशी. रस्त्यावरून आत जाण्यास बोळासारखी एक अरुंद वाट, आणि वरच्या मजल्यांवर जाण्यास जेमतेम मीटरभर रुंदीचा एकच जिना. आग खाली, माणसे वर, आणि मधली एकुलती एक वाट धुराने भरलेली. बहुतेकांचे प्राण ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतले.

वाचकहो, आगीच्या भीतीने आपण ज्वाळांकडे पाहतो आणि धुराला विसरतो. तापलेला धूर वर चढतो, त्यामुळे जिना हा घराचे धुराडेच बनतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग न येताच त्याची शुद्ध हरपते. म्हणूनच पहाटेची आग दुपारच्या आगीपेक्षा घातक.

आता आपल्या घरांकडे वळू. सुलतान बाजार, काचीगुडा, शालीबंडा या भागांत आपल्या मंडळींची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वाडे पडले, त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या, तळाशी दुकान किंवा गोदाम आले. जिना मात्र बहुधा एकच राहिला. आणि त्या जिन्याचे आपण काय केले? खालच्या पायरीशी स्कूटर, वळणावर जुना कूलर, वर दिवाळीच्या माळांचे खोके आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली रद्दी. चोरांच्या धाकाने खिडक्यांना आणि गच्चीच्या दाराला लोखंडी जाळ्या बसल्या. गच्चीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हे घरात विचारून पाहा. तीन माणसांकडून तीन उत्तरे मिळतील!

तळमजल्यावर कोणता माल साठतो, याची विचारपूस करणे हा भोचकपणा नव्हे. बाजारघाट येथे १३ नोव्हेंबर २०२३ रोजी राहत्या इमारतीच्या तळाशी साठवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला आणि वरच्या मजल्यांवरील ९ माणसे दगावली. त्याच्या आदल्या वर्षी, १२ सप्टेंबर २०२२ रोजी, सिकंदराबादेत खाली विजेवरच्या स्कूटरांचे दुकान आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आग लागून ८ जण मृत्युमुखी पडले. यास्तव अशा गाडीची बॅटरी रात्रभर जिन्याखाली किंवा दाराशी चार्ज करणे आजच बंद करावे. गाडी पेटली, तर वाट तीच अडवील.

रात्री आग लागलीच, तर सामान, दागिने, कागद यांचा मोह सोडून आधी माणसे हलवावीत. धूर असेल तर ओणवे होऊन, जमिनीलगत सरकत जावे. तेथे हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. बंद दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू त्याला लावून पाहावी. तापले असल्यास ते उघडू नये. दुसरी वाट नसेल, तर खोलीचे दार लावून फटीत ओले कापड कोंबावे आणि रस्त्याकडच्या खिडकीतून हाका माराव्यात. बाहेर पडताना दार मागे ओढून घ्यावे, म्हणजे आगीला हवा कमी मिळते. लिफ्ट वापरू नये. बाहेर येताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि एकदा बाहेर आलेल्याने पुन्हा आत जाऊ नये.

स्वयंपाकघराविषयी आपल्या भगिनींना मी काय सांगावे! तरी दोन-तीन गोष्टी. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. पेटते तेल उसळून अंगावर येते. शेगडी बंद करावी आणि कढईवर सपाट झाकण सरकवावे. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी पडते. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावीच. नवरात्रातला नंदादीप पडद्यापासून दूर, पाणी घातलेल्या परातीत ठेवावा. शेगडीपुढे उभे राहताना नायलॉनच्या पदरापेक्षा सुती पदर बरा, आणि तोही खोचलेला.

भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बांगड्या-अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. आजीच्या बटव्याविषयी मला पूर्ण आदर आहे, पण येथे तो मिटलेलाच राहू द्यावा.

गुलजार हौजाची वार्ता वाचल्यावर आमच्या घरी एका रात्री आम्ही दिवे मालवून गच्चीपर्यंत जाऊन पाहिले. सासूबाईंचा हात धाकट्या नातवाने धरावा, असे आधी ठरवले होते. जिन्याच्या वळणावर त्या कूलरला अडखळल्या. गच्चीच्या कुलपाची किल्ली खिळ्यावर नव्हती. ती सापडायला सात मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलर भंगारवाल्याला दिला, आणि किल्ली आता दाराशेजारीच, नातवाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर टांगलेली असते.