हरवलेला घुमारा

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली, तिच्यात स्टिरिओ आयताच बसवलेला होता. गाणे ऐकू येई, पण खर्ज मात्र कुठे तरी हरवलेला असे. माझे वडील भजनाला पखवाज वाजवीत. धुमेला ओली कणीक लावल्यावर उमटणारा घुमारा ज्याच्या कानात आहे, त्याला ही उणीव फार बोचते.

मुलाने कारण सांगितले. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मूळ स्टिरिओ ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम वीसेक वॅट देतो. खर्जासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. दारातल्या लहान स्पीकरला ते झेपत नाही. त्यासाठी डिकीत १० इंची सबवूफर आणि व्होल्टेज वाढवून घेणारा अ‍ॅम्प्लिफायर हवा.

काम झाले. बॉनेट उघडून पाहतो, तर बॅटरीपासून निघालेल्या जाड तारेला फ्यूजच नाही! तारणावाचून कर्ज मंजूर केल्यासारखेच हे. तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर गाडी पेटायची.

"काका, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे की फ्यूज!" कारागीर म्हणाला.

तो अ‍ॅम्प्लिफायरला वाचवतो. तारेला वाचवणारा बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो बसवून घेतला, तेव्हाच गाडी हलवली. आपणही असे काम काढाल, तेव्हा आधी हे पाहा.

परतताना मुलाने पखवाज लावला. धुमेचा घुमारा थेट पाठीत जाणवला.

"आवाज वाढवू का?" त्याने विचारले.

"नको," मी म्हणालो. "अण्णांचा हात एवढाच होता."